मामा तलावांचा काठ राखूनच गाळ काढावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलावांतील गाळ काढण्याची कामे सुरू होतात. अमुक तलावातून किती घनमीटर गाळ निघाला, पाणीसाठा किती वाढला, याचे आकडे आपल्या दैनिकासह सगळ्याच वृत्तपत्रांत छापून येतात. ही कामे झाली पाहिजेत, याविषयी माझे दुमत नाही. धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी ऑक्टोबरात तुडुमाशी, म्हणजे तलावातून शेतांना पाणी सोडण्याच्या तोंडाशी, उभे राहून वाट पाहणारे शेतकरी मी लहानपणापासून पाहिले आहेत. परंतु तलावाच्या उथळ काठावरची जी पट्टी माशांची विणीची जागा असते, तिची नोंद या आकड्यांत कुठेच नसते आणि तळ सपाट करणारे यंत्र सर्वांत आधी तीच पट्टी खरवडून नेते. म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर क्षमा असावी.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात राहणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. जातीने मासेमार ढिवर नाही, मासेमारी हा माझा व्यवसायही नाही. गेली काही वर्षे गावच्या मच्छीमार संस्थेचे सभासद, बचत गटातील महिला आणि शाळेतील मोठी मुले यांच्याबरोबर आमच्या तलावाचा काठ पुन्हा जिवंत करण्याच्या कामात मी श्रमदान करीत आलो आहे. त्या कामात जे पाहिले आणि शिकलो, त्याच्या आधाराने लिहितो.

या तलावांची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी ते दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी बांधले. आमच्या तालुक्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे आले. तेव्हापासून कागदावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ हे नाव पडले. पूर्वी पाळीची (बांधाची) डागडुजी, तुडुमाची देखरेख आणि पाटाची सफाई गाव मिळून करीत असे. मालकी बदलल्यावर ही जबाबदारी हळूहळू कुणाचीच राहिली नाही. त्याविषयी यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे मी ते येथे वाढवीत नाही.

माशांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या तलावांचे बांधकाम. पाळ एका बाजूला असते आणि खोल पाणी तिच्या पायाशी. उरलेल्या बाजूंनी जमीन अगदी हळूहळू चढत जंगलाकडे किंवा शेतांकडे जाते, त्यामुळे येव्याच्या, म्हणजे पाणी तलावात येते त्या, बाजूला घोट्याएवढ्या आणि गुडघ्याएवढ्या पाण्याचा पसारा दूरवर पसरलेला असतो. उन्हाळ्यात हा पसारा उघडा पडतो. त्यावर गवत उगवते, गुरे चरतात, शेण पडते. मृगाचा पाऊस येतो तेव्हा पाणी या कोरड्या जमिनीवर हळूहळू सरकत वर चढते. त्या कोमट, उथळ, खतावलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव आणि किडे चार दिवसांत माजतात, आणि नेमक्या त्याच वेळी पोटात अंडी असलेले मासे खोल पाण्यातून काठाकडे येतात.

येथे येऊन ते काय करतात, हे आम्हा बिगर-ढिवरांना सहसा ठाऊक नसते. मलाही साठी उलटल्यावर कळले. मरळीची जोडी उथळ पाण्यातील वनस्पती तोंडाने तोडून ताटाएवढी जागा मोकळी करते आणि त्या वर्तुळात अंडी घालते. ही अंडी मधाच्या रंगाची असतात, त्यांत तेलाचा अंश असल्याने ती पाण्यावर तरंगतात, आणि भोवतालच्या गवताचा आडोसा नसेल तर पहिल्याच वाऱ्याने विखुरतात. एक-दोन दिवसांत पिल्ले निघतात, आणि पुढे काही आठवडे नर-मादी त्यांना राखतात. मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका काठाशी वर येतो, तेव्हा पाण्याखाली कुणीतरी कुंकू सांडल्यासारखे दिसते. चालट आपली चिकट अंडी बुडालेल्या दगडांवर किंवा लाकडांवर चिकटवतो. खवलीची अंडी पाणवनस्पतींच्या पानांना चिकटतात. सुईसारखी लांब चोच असलेल्या माशाच्या अंड्यांना बारीक तंतू असतात आणि ते तंतू वनस्पतींत गुंतून राहतात. मांगूर काठाच्या बिळात किंवा धानाच्या बांधीत (खाचरात) विणतो, तर शिंगी पावसाच्या पाण्याने नुकत्याच भरलेल्या डबक्यांत आणि बांध्यांत शिरते. सवयी निरनिराळ्या असल्या तरी यांतील एकही मासा उघड्या, सपाट, गढूळ खोल पाण्यात विणू शकत नाही.

ज्यांची शासकीय योजनांत प्रामुख्याने गणना होते, त्या रोहू, कतला आणि मृगळ यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. हे मासे मूळचे मोठ्या वाहत्या नद्यांतले असून साचलेल्या पाण्यात आपसूक विणत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस आजही देशभर राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि ते रास्तच आहे, कारण त्या शोधाने लाखो लोकांच्या ताटात मासा आला. परंतु त्या शोधाचा एक अर्थ असाही आहे की, आमच्या संस्थेला दरवर्षी मत्स्यजिरे किंवा बोटुकली (माशांची बारीक आणि बोटाएवढी पिल्ले) विकत आणावीच लागते. बीजाचे पैसे, वाहतुकीचे पैसे, ठेक्याचे पैसे असे सगळे आधी भरायचे, मग पाऊस दगा देतो किंवा सलंगावरून (सांडव्यावरून) पुराबरोबर बोटुकली वाहून जाते, आणि कर्ज मात्र डोक्यावर राहते. मरळ, डाडक, शिंगी आणि खवली यांचे बीज तलाव स्वतःच तयार करतो आणि त्याचे बिल येत नाही. बाजारात मरळीला रोहू-कतल्यापेक्षा नेहमीच चढा भाव मिळतो. लहान मासे विकले जात नाहीत तेव्हा ते ढिवर वस्तीतल्या घरांत शिजतात आणि उरलेले सुकवून पुढे कामी येतात. ज्या घरात आठवड्यातून एकदाही डाळ शिजत नाही, तेथे या बारीक माशांचे मोल काय आहे, हे वर्गातल्या मुलांचे चेहरे पाहून मी चाळीस वर्षे अनुभवले आहे.

मग हे मासे गेले कुठे? एकच एक कारण सांगता येणार नाही. काठावर बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली. तिच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात आणि गाळ अडून काठ उंचावतो. धानाच्या बांध्यांतून रासायनिक खत आणि कीटकनाशके झिरपत येतात. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे लावून पिल्लेसुद्धा उपसली जातात. या सर्वांत भर पडली ती बाहेरून आणलेल्या दोन माशांची. गवत्या हा मासा नावाप्रमाणेच पाणगवतावर जगतो आणि कोवळी हायड्रिला, जिला आमच्याकडे चिला म्हणतात, ती त्याला फार आवडते. सायप्रिनस चिखलात तोंड खुपसून अन्न शोधतो, मुळे उपटतो आणि पाणी सतत गढूळ ठेवतो. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, म्हणजे जे गवत्याने खाल्ले ते पुन्हा उगवतही नाही. उत्पादन वाढावे या चांगल्या हेतूनेच हे मासे सोडले गेले, हे मला मान्य आहे. परंतु ज्या तलावात देशी मासे आपोआप वाढत होते, तेथे एकाच्या पोटासाठी दहांचे घर मोडले.

आमच्या गावातील एका वयोवृद्ध ढिवर आजोबांना मी विचारले होते की, यंदा तलाव तुडुंब भरला असूनही मासे का नाहीत. ते म्हणाले, “गुरुजी, पानी भरला मनून मासोरी येत नाही, तिले घर पायजे.” या वाक्याने आमच्या कामाची सुरुवात झाली, असे म्हटले तरी चालेल.

काम कसे करायचे, हे मात्र आम्हाला नव्याने शोधावे लागले नाही. आमच्याच तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी, तसेच पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर समाजातील जाणकारांनी हे काम पूर्वीच करून दाखविले आहे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी विणतो, कोणती वनस्पती किती पाण्यात वाढते, कोणत्या तलावातून काय नाहीसे झाले, ही माहिती त्यांनी पुस्तकांतून गोळा केली नाही. जाळे टाकणाऱ्या माणसांना आणि मासे विकणाऱ्या बायांना विचारून जमविली. आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल ठेवले.

पहिले काम बेशरम उपटण्याचे. हे फाल्गुन-चैत्रात, पाणी मागे सरल्यावर करावे लागते. नुसती छाटून चालत नाही, कारण ओल्या चिखलात पडलेल्या कांडीलाही मुळे फुटतात. ती मुळासकट काढायची, पाळीपलीकडे उंच जागी वाहून न्यायची आणि पुरती वाळू द्यायची. पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम डझनभर माणसे होतो. तिचा चीक अंगाला लागतो, खोड बाहेरून सरळ दिसले तरी मूळ सब्बल घालूनही हलत नाही, आणि दुपारपर्यंत एका कोपऱ्याचाही निकाल लागत नाही. संस्थेचे सभासद तेव्हा मनातून साशंक होते. दिवसभराची मजुरी बुडवून काडी-काडी वेचण्यात काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न अगदी वाजवी होता, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. बचत गटातील महिला तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हाच काम खऱ्या अर्थाने पुढे सरकले.

दुसरे काम नांगरणीचे. तलावाचा तळ कुणी नांगरतो का, म्हणून गावात हसणारेही होते. परंतु गुरांच्या खुरांनी आणि उन्हाने काठाची जमीन विटेसारखी घट्ट झालेली असते आणि पाणवनस्पतींचे कोवळे मूळ तिच्यात शिरत नाही. वळवाच्या पावसाने माती जरा भिजली की दोन-तीन बैलजोड्यांनी काठाची पट्टी हलकीशी नांगरायची. नांगर खोल घालायचा नाही. वरच्या वीतभर मातीत जुन्या वनस्पतींचे कंद आणि बी निपचित पडून असते, आणि ते उलथून खाली गाडले तर केलेले काम वाया जाते.

तिसरे काम लावणीचे, आणि ते मी कधी विसरणार नाही. आर्द्राचा पाऊस पडून काठावर घोट्याएवढे पाणी आले होते. जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहान बोडीत (तळ्यात) गवत्या कधी सोडला गेला नव्हता, म्हणून तेथे जुन्या वनस्पती शिल्लक होत्या. तेथून चिला आणि गाद नावाची पाणवनस्पती ओल्या पोत्यांत भरून बंडीने आणली. ती तडकाफडकी लावावी लागते, कारण पोत्यात दुपारपर्यंत ऊब धरली की देठ काळे पडतात. गादीचे लहान कंद, वर नळीसारखी पोकळ पाती, वीत-दीड वीत अंतरावर बोटाने चिखलात रोवले. चिला मात्र रोवली की तरंगून वर येई. आम्ही शिकलेली माणसे त्यावर चर्चा करीत असताना एका बाईने मूठभर चिखलाचा गोळा केला, त्यात चार-पाच देठांची जुडी दाबली आणि तो गोळा अलगद पाण्यात सोडला. जुडी खाली बसली ती बसलीच. मग सगळ्यांनी तसेच गोळे केले. धानाचे पऱ्हे रोवणाऱ्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही. कमरेत वाकून, एका ओळीत मागे सरकत, सकाळपासून दुपारपर्यंत बायांनी येव्याच्या बाजूची मोठी पट्टी लावून काढली. एक अडचण तेवढी सांगून ठेवतो: ही लावणी धानाच्या रोवणीच्या आधी उरकावी लागते, कारण एकदा रोवणी लागली की गावात एकही मोकळा हात मिळत नाही.

त्या पहिल्या पावसाळ्यात फारसे काही दिसले नाही. दुसऱ्या वर्षी श्रावणात मी सकाळी काठाने जात असताना संस्थेच्या एका तरुण सभासदाने मला हात धरून थांबवले आणि बोट दाखवले. गादीच्या पात्यांमध्ये ताटाएवढे स्वच्छ गोल पाणी होते, त्यावर पिवळसर दाण्यांचा थर होता आणि त्याखाली एक मोठी काळी सावली जागच्या जागी पंख हलवीत उभी होती. तो मुलगा पिढीजात मासेमार, परंतु मरळीचे घरटे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वडिलांनी ऐकवलेली गोष्ट खरी असते हे त्याला कळले, आणि मला माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या वर्षी संस्थेने सभा घेऊन ठरविले की, आषाढ आणि श्रावणात काठाच्या पट्टीत जाळे पडणार नाही आणि पिल्ले राखणाऱ्या मरळीवर कुणी गळ टाकणार नाही. पिल्लांच्या घोळक्याखाली आईबाप असतात हे ठाऊक असल्यामुळेच लोक नेमका तेथे गळ टाकतात. एक मरळ हाती लागते आणि शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते, हे आता शहरातील खवय्यांनाही माहीत असते. तलावातल्या माशांचा विणीचा काळही जवळपास तोच आहे.

हे सर्व नीट चालले असताना एका उन्हाळ्यात आमच्या तलावाचे खोलीकरण मंजूर झाले. यंत्र आले. पाळीजवळ, जेथे गाळ खरोखर साचला आहे, तेथे ओल असल्याने यंत्र रुतत होते. येव्याची बाजू कोरडी आणि रस्त्यालगत होती. दोन रात्रींत तेथील माती उचलून ट्रॅक्टरने रवाना झाली. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या पट्टीच्या जागी पिवळा मुरूम उघडा पडला होता आणि कडेला उभा कापलेला काठ होता. ज्या बाईने पहिला गोळा केला होता, ती त्या कडेवर बराच वेळ काही न बोलता बसून होती. मी कंत्राटदाराला दोष देत नाही, कारण त्याने अंदाजपत्रकाप्रमाणे माती मोजून दिली. अभियंत्यालाही देत नाही. अंदाजपत्रकात काठ राखावा असे एक वाक्यही नव्हते, आणि जे कागदावर नाही ते यंत्राला कुठून दिसणार! मुरमावर चिला उगवत नाही. उभ्या कापलेल्या काठाला उथळ पाणीच उरत नाही. पाणी एकदम खोल होते आणि अंडी घालायला जागा राहत नाही. आम्हाला आजूबाजूची माती ओढून उतार करावा लागला आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. ते अजून पुरे झालेले नाही.

म्हणून माझी शासनाला, जिल्हा परिषदांना आणि या विषयात लक्ष घालणाऱ्या लोकप्रतिनिधींना कळकळीची विनंती आहे. गाळ काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात येव्याच्या बाजूची उथळ पट्टी राखीव म्हणून नकाशावर दाखवावी आणि जागेवर चुन्याची रेघ आखून द्यावी. त्या रेघेच्या आत यंत्र जाणार नाही, एवढी एक अट घातली तर एक पैसाही जास्त लागत नाही. खोदाई पाळीकडील खोल भागात व्हावी. पाणीसाठाही तेथेच वाढतो. रेघ कुठे आखायची हे मच्छीमार संस्थेच्या सभासदांना विचारून ठरवावे, कारण पाणी कुठवर आणि किती दिवस टिकते हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. गाळ शेतात नेण्यास कुणाचीच हरकत नाही. परंतु काठाची वरची वीतभर माती काढावीच लागली तर ती बाजूला रचून काम संपल्यावर पुन्हा पसरावी, कारण तलावाचे बियाणे त्या मातीतच असते.

आमचे काम आजवर श्रमदानावर चालले, याचा मला अभिमान आहे. पण हातावर पोट असलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षे फुकट काम करून घेणे योग्य नाही. बेशरम काढणे, काठ नांगरणे आणि पाणवनस्पतींची लावणी ही कामे रोजगार हमीत घ्यावीत. शाळेची मुले, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, गावातले नोकरदार यांनी सुट्टीचा दिवस जरूर द्यावा, त्याने गावाचा तलावाशी संबंध जुळतो. परंतु कणा मजुरीचाच असावा. आणखी एक गोष्ट मनाला लागते. मासे विकणे, सुकवणे, काठ लावणे ही सगळी कामे बायका करतात, आणि संस्थेच्या सभासदांच्या यादीत मात्र पुरुषांचीच नावे असतात. आमच्या संस्थेत ही यादी बदलू लागली आहे, इतरत्रही बदलावी.

ठेक्याच्या बाबतीतही थोडा विचार व्हावा. जी संस्था काठ राखते, विणीच्या काळात जाळे बंद ठेवते आणि गवत्या किंवा सायप्रिनस सोडत नाही, तिला ठेक्यात सवलत मिळावी. बाहेरून येणाऱ्या बोटुकलीची तपासणी व्हावी. आमच्याकडे एकदा रोहू-कतला म्हणून आणलेल्या पिशव्यांत सायप्रिनसची पिल्ले मिसळलेली निघाली, आणि बोटाएवढी असताना ती ओळखायला फार सराईत डोळा लागतो. रोहू-कतला सोडू नयेत असे माझे म्हणणे नाही. ते पाणवनस्पतींचे नुकसान करीत नाहीत आणि संस्थेला त्यातून रोख पैसा मिळतो. देशी मासे आणि ते एकत्र नांदू शकतात. आमच्या तलावात नांदतातही.

शेतकरी बांधवांच्या मनात दोन शंका असतात. एक अशी की, पाणवनस्पती वाढल्या तर तुडूम बुजेल. तुडूम पाळीत, खोल पाण्याच्या बाजूला असते आणि आम्ही लावतो त्या वनस्पती उथळ काठाच्या आहेत. त्याउपर काही वाहून आलेच तर तुडुमाचे तोंड साफ ठेवण्याची जबाबदारी आमच्या संस्थेने लेखी घेतली आहे. दुसरी शंका पाण्याची. धानाला पाणी देऊन झाल्यावर तलावात थोडे पाणी पुढच्या पावसापर्यंत राहिले पाहिजे, नाहीतर अंडी घालणारे मासेच उरणार नाहीत, हे खरे आहे. अभियंते तुडुमाच्या पातळीखाली उरणाऱ्या पाण्याला मृतसाठा म्हणतात. पुढच्या वर्षीची सगळी मासोळी त्याच साठ्यात उन्हाळा काढते, म्हणून पंप लावून तेवढे पाणी उपसू नये, एवढीच आमची मागणी आहे. आमच्या गावात शेतकरी आणि ढिवर एका बैठकीत बसले तेव्हा यावर तासाभरात तोडगा निघाला. अडचण होती ती इतकी वर्षे एकत्र न बसण्याची.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. वनहक्क कायदा, २००६ यात जलाशयांतील मासे आणि इतर उपज यांवरील सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केलेला आहे, आणि आमच्या भागातील कित्येक तलाव वनक्षेत्रात आहेत. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायतींनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापायच्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवायच्या आहेत. त्या नोंदवह्यांत गावातल्या तलावाचे मासे, पाणवनस्पती आणि विणीच्या जागा जाणत्या ढिवरांकडून विचारून लिहिल्या गेल्या, तर गाळाचे अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अभियंत्याच्या हाती आयता नकाशा येईल. आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांनी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशी एक वही केली. त्यात माशाचे गावातले नाव, तो कुठे विणतो, शेवटचा केव्हा दिसला आणि कुणी सांगितले, असे रकाने आहेत. काही माशांपुढे ‘आजीच्या लहानपणी’ एवढेच लिहिले आहे.

या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावच्या तलावाचे काम निघणार असल्याचे कळते. तेथील येव्याच्या काठावर गाद आणि देवधान (रानटी भात) अजून शिल्लक आहे आणि मी गेल्या श्रावणात तेथे कमळपक्ष्याची जोडी पिल्लांसह पानांवरून चालताना पाहिली आहे. काम सुरू होण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी एक सकाळ आमच्याबरोबर त्या काठाने फिरावे. चुन्याचे पोते आम्ही आणून ठेवले आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया